पाचव्या खिळ्यावरची रोटी

प्रवासाला निघालेल्या माणसाने उंबऱ्यात उभं राहून रोटीचा एक घास दातांनी तोडावा आणि उरलेली रोटी घरच्यांनी खिळ्याला टांगून ठेवावी. ती रोटी आपल्या माणसाला जगाच्या टोकाहून ओढून आणते, आणि परत आल्यावर त्यानेच ती संपवायची असते. आमच्या कोकंदमध्ये थोरामोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेलं हे सत्य आहे. कढयांच्या कारखान्यात, हिशेब खात्याच्या भिंतीवर, अशा चार रोट्या टांगलेल्या होत्या. चौघांपैकी एकही माणूस परत आलेला नव्हता.

पहिली रोटी एका साचेकऱ्याची. तो तीन महिन्यांसाठी सैबेरियात गेला होता, त्याला आता अकरा वर्षं झाली आणि तिकडे दोन मुलं. दुसरी कोठीवाल्याची. तो मूतखडा काढायला ताश्कंदला गेला आणि तिथेच वारला. तिसरी इलेक्ट्रिशियनची. तो समोरच्या वीटभट्टीवर कामाला होता आणि रोज सकाळी रस्त्यापलीकडून हात हलवायचा. चौथी कोणाची ते आता कुणालाच आठवत नव्हतं. चाव्याच्या खुणेवरून एवढंच कळायचं की गृहस्थांचा पुढचा एक दात पडलेला असावा.

रोटी टाकून देणं म्हणजे महापाप, त्यामुळे चारही तिथेच वाळत होत्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबाने विचारलं, "हे काय?" तेव्हा मवजूदा ओपा मान वर न करता म्हणाल्या होत्या, "बाहेरगावी गेलेले कर्मचारी."

मवजूदा ओपा कारखान्याच्या मुख्य हिशेबनीस. वय पन्नास. संचालकांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना ओपा, म्हणजे थोरली बहीण म्हणत, आणि थोरल्या बहिणीवर जे जे ढकलता येतं ते ते ढकलत. एकोणतीस वर्षांपूर्वी त्या या कारखान्यात तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. हजेरी लिहिणारी बाई बाळंतपणाला गेली होती, तिच्या बदली. त्या बाईला जुळं झालं आणि ती आलीच नाही. मग रोखपाल नवऱ्याच्या बदलीबरोबर गेली, म्हणून ओपा रोखपाल झाल्या. मालाचा हिशेब बघणारे गृहस्थ पक्षाघाताने आडवे झाले, म्हणून तो हिशेब त्यांच्याकडे आला. शेवटी मुख्य हिशेबनीस एका सोमवारी आलेच नाहीत. मंगळवारी त्यांच्या खुर्चीवर ओपा बसल्या, कारण बुधवारी पगार होता. लोक याला त्यांची चढती कमान म्हणत. खरं तर ओपा कुठेच चढल्या नव्हत्या. आजूबाजूचे पळत गेले, आणि मध्ये त्या उरल्या.

त्यांच्या खोलीला लोखंडी दार होतं आणि खिडकीला जाडजूड गज. पगार पोत्यांतून यायचा त्या काळातले ते गज. चोर आत येऊ नयेत म्हणून बसवलेले. आतल्यांचं काय, याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. गजांतून ओतकामाचं अंगण दिसायचं. तिथे फुटके रेडिएटर आणि जुनी भंगार यंत्रं भट्टीत जायची आणि कढया होऊन बाहेर यायच्या. प्रत्येक कढईवर बोटाच्या पेराने टकटक करून बघत. खणखणीत वाजली तर चांगली, भद्द वाजली तर आतून तडकलेली. तिला पुन्हा भट्टीत टाकायचं. वीस वर्षं झाली तेव्हा कारखान्याने ओपांचा सत्कार केला होता आणि त्यांचं नाव ओतलेली एक कढई दिली होती. नाव बुडाला होतं, आणि साचा बनवणाऱ्याच्या कृपेने उलटं उमटलं होतं.

या खेपेला मात्र ओपांना सुट्टी हवी होती. चाळीस दिवस. त्यांची एकुलती लेक आयदिन बुखाऱ्याला दिलेली, आणि एक एप्रिलला पहाटे तिला मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीचे पहिले चाळीस दिवस आईने लेकीजवळ असायला हवं, हे सांगायला कुणा थोरामोठ्याची गरज नाही. आणि ओपांच्या मनात एक जुनं टोचत होतं. आयदिन स्वतः जन्मली तेव्हा ओपा रोखपाल होत्या, आणि एकविसाव्या दिवशी तिला सासूच्या मांडीवर टाकून कामावर हजर झाल्या होत्या. सासूने ही गोष्ट मरेपर्यंत कुणाला विसरू दिली नाही. नात मोठी झाली तेव्हा तिलाही सांगून ठेवली.

ओपांचे यजमान हैदरअली निवृत्त कवायत-शिक्षक. ते अंगणात लावे पक्षी पाळत आणि कुणाच्या भानगडीत पडत नसत. ते पिंजऱ्यात दाणे टाकता टाकता म्हणाले, "मागू नकोस. सांग."

"सांगितलं तर तो नाही म्हणेल का?"

"नाही कशाला म्हणेल? तो आजवर कुणाला नाही म्हणालाय? हो म्हणेल आणि पुढे एक 'फक्त' लावेल. त्या फक्तला भीक घालू नकोस."

संचालक तोलिब अका, म्हणजे थोरले दादा, हे तसे फार गोड गृहस्थ. त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, "मुबारक हो, ओपा! आजी झालात! जा ना, मी कोण अडवणारा? आजच जा! फक्त तेवढी तिमाही होऊ द्या."

"तिमाही नाही."

"बरं, नाही. मग फक्त वीस तारखेचं कराचं विवरण—"

"तेही नाही. बुन्योद आहे. पाच वर्षं शिकला आहे, ताश्कंदला."

बुन्योद हा ओपांचा दुय्यम. वय एकतीस. मुलाखतीच्या वेळी त्याला सांगितलं होतं की काम नऊ ते सहा. तेव्हा त्याने विचारलं होतं, "सहा म्हणजे सहाच ना?" कारखाना त्यावर आठवडाभर हसला होता. बुन्योद मात्र हसला नाही आणि रोज सहाला खुर्चीवरून उठायला लागला. एकदा तर तो कुठल्याशा शिबिराला जाऊन आला आणि ओपांना म्हणाला, "ओपा, काम आणि घर हे तराजूचे दोन पल्ले. दोन्ही सारखे राहिले पाहिजेत." ओपा म्हणाल्या, "बाळा, आपल्याकडे तराजू भंगार तोलायला आहे." पण सहा वाजता तो कोट चढवायचा तेव्हा त्या गजांतून फाटकापर्यंत त्याची पाठ बघत राहायच्या, आणि मग स्वतःवरच चिडून एखादी बेरीज पुन्हा करायच्या.

तोलिब अकांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. "बरं. बुन्योद करेल. चाळीस दिवस. दिले."

"आणि फोन करायचा नाही."

"ओपा!"

"माझी आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी, मी लोकांना जेवायला वाढत होते, तेव्हा तुम्ही फोन केलात. दगडी कोळशाची पावती कुठेय म्हणून."

"सापडत नव्हती."

"तुमच्याच खिशात होती."

तोलिब अका वरमले. निघायच्या दिवशी सगळा कारखाना हिशेब खात्यात जमला. साफसफाईवाल्या सनोबर खालाने तंदूरमधून ताजी रोटी आणली होती, मधोमध ठसा उमटवलेली, वर काळे तीळ. ओपांनी ती हातात घेतली आणि संचालकांपुढे धरली. "आधी शपथ."

"अहो, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

तोलिब अकांनी दोन्ही हात रोटीवर ठेवले आणि खड्या आवाजात म्हणाले, "चाळीस दिवस मी मवजूदा ओपांना कामासाठी फोन करणार नाही, कामाचा एक शब्द त्यांच्या कानावर घालणार नाही. मोडली शपथ तर ही रोटी मला मारो." आमच्याकडे कुराणावर हात ठेवून सुद्धा माणूस जरा मागेपुढे करेल, पण रोटीची शपथ खाऊन कुणी फिरत नाही. मग ओपांनी कडेचा एक लहानसा, नेटका घास तोडला. भिंतीवर चार खिळे भरलेले होते. सनोबर खालाने पाचवा ठोकला.

"लवकर या बरं का," ती म्हणाली. "नाहीतर म्हणाल, सहावा ठोक."

बुखाऱ्यात पहिले दोन दिवस सुखाचे गेले. खिडकीबाहेर जर्दाळूचा मोहोर गळत होता, आयदिन झोपून झोपून टवटवीत होत होती, आणि बाळ रडायचं ते सुद्धा कुणाच्या तरी मांडीवर. ओपांचा फोन कोनाड्यात पडलेला होता. तो वाजला नाही. तिसऱ्या दिवशी ओपांनी तो उचलून पाहिला. चार्ज होता. चौथ्या दिवशी त्यांनी तो कोनाड्यातून काढून उशीजवळ ठेवला. पाचव्या दिवशी आयदिनला म्हणाल्या, "जरा मला फोन लाव गं."

"समोर तर बसलेयस तू."

"लाव तर."

आयदिनने लावला. फोन वाजला. ओपांचा चेहरा पडला. म्हणजे फोन ठीक होता.

त्यांनी एक वही घेतली. बाळ किती वाजता प्यालं हे डाव्या रकान्यात आणि किती लंगोट झाले हे उजव्या रकान्यात. दोन दिवसांनी त्यांनी दोन्हींची बेरीज मारली आणि आयदिनला गंभीरपणे म्हणाल्या, "काहीतरी राहतंय. मेळ बसत नाही."

"आई, ते बाळ आहे."

विहीणबाईंचं नाव कुणीही घेत नसे, त्यांना घरात सगळे 'बोयी' म्हणत. या बोयी दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या चहा ओतता ओतता म्हणाल्या, "किती बरं झालं ना, विहीणबाई, तुम्हाला यायला जमलं. आमची आयदिन लग्नात सांगत होती, आईशिवाय कारखान्याचं पान हलत नाही म्हणे." मग कप पुढे सरकवून, "हलतंय वाटतं."

सातव्या दिवशी ओपांनी बुन्योदला फोन लावला. बंद. आठव्या दिवशी सकाळी, दुपारी, आणि सहाच्या आधी एकदा. बंद. काम करताना फोन बंद ठेवतो, शहाणा आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नवव्या दिवशी त्यांनी थेट तोलिब अकांनाच लावला.

"ओपा!" तिकडून आनंदाची आरोळी आली. "बाळ कसं आहे? कुणावर गेलंय?"

"कपाळ माझ्यावर गेलंय. अका, तिकडे कसं काय?"

"हवा छान आहे. काल पाऊस झाला."

"कामाचं विचारतेय मी."

मग तोलिब अका हळू आवाजात म्हणाले, "ओपा, मी रोटीची शपथ घेतलीय."

"तुम्ही फोन केलेला नाही, मी केलाय."

"कामाचा एक शब्द कानावर घालणार नाही, असंही आहे त्यात. तुम्हीच शपथ घ्यायला लावली होतीत. आईचं दूध प्यालेला माणूस आहे मी. तुम्ही बाळाला बघा."

"बुन्योद नीट करतोय का एवढं तरी सांगा."

"बाळाचं नाव काय ठेवताय?" तोलिब अका म्हणाले.

ओपांनी फोन ठेवला. एवढ्या वर्षांत ज्या माणसाने त्यांना मयताच्या जेवणावळीतून उठवलं, तोच आता बाळाच्या नावात रमला होता. याचा अर्थ एकच. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. एकविसाव्या दिवशी तान्ह्या लेकीला टाकून गेल्या ते, संध्याकाळी आठला घरी पोचायच्या ते, हैदरअलींच्या हातचं थंड जेवण एकोणतीस वर्षं जेवल्या ते, सगळं एका पोराने फोन बंद ठेवून, सहाच्या आत उरकलं होतं.

त्यानंतर त्यांना धड जेवण जाईना. बाळाला झोपवताना त्या अंगाई म्हणायच्या आणि मध्येच थांबून खिडकीकडे बघायच्या. त्या खिडकीला गज नव्हते.

बाळाच्या अठराव्या दिवशी दुपारी आयदिन बाळाला पाजत होती तेव्हा ओपा म्हणाल्या, "दोन दिवस जाऊन येते."

आयदिनने मान वर केली नाही. "कुठे?"

"बघून येते नुसतं. उद्या निघाले तर परवा सकाळी तिथे. दुसऱ्या दिवशी परत. बाळाला कळायचं पण नाही."

"उद्या एकोणिसावा आहे."

"हो मग?"

"माझ्या वेळी एकविसाव्याला गेली होतीस," आयदिन म्हणाली. "आजी सांगायची. या वेळी दोन दिवस आधीच चाललीस."

ओपांनी मनात वजाबाकी करून पाहिली. हिशेबाचं होतं आणि बरोबर होतं.

"त्यांनी बोलावलंय का?" आयदिनने विचारलं.

"नाही."

"फोन केलाय?"

"नाही ना! तेच तर!" ओपा एकदम म्हणाल्या, आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. "तुला नाही कळायचं गं."

आयदिनने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "कळतंय की. तिथे तुला कुणी बांधून ठेवलंय असं मला लहानपणी वाटायचं. मी बाबांना म्हणायचे, आईला सोडवून आणा. बाबा म्हणायचे, गेट उघडंच असतं, बेटा." मग तिने सासूला हाक मारली. "बोयी! एक रोटी आणा हो जरा."

बोयींनी रोटी आणली, जणू त्या तयारच होत्या. बुखाऱ्याची रोटी, पातळ, मोठी. आयदिनने ती आईपुढे धरली. "चाव."

"अगं, दोन दिवसांसाठी कुणी—"

"चाव म्हणते ना."

ओपांनी घास तोडला. बोयींनी त्याच खोलीत, पाळण्याच्या वर, खिळा ठोकला. ठोकताना म्हणाल्या, "विहीणबाईंना दोन-दोन ठिकाणच्या रोट्या ओढणार. बघू या कुणाची बळकट निघते."

वीस एप्रिलला सकाळी ओपा कारखान्याच्या फाटकातून आत आल्या. कढया ओतायचा दिवस होता, अंगणात धूर होता. त्यांनी ठरवलं होतं की बुन्योदला रागवायचं नाही. शाबासकी द्यायची, वह्या बघायच्या, दोन-चार चुका काढायच्या आणि संध्याकाळची गाडी पकडायची. रस्त्यापलीकडून इलेक्ट्रिशियनने हात हलवला. ओपांनी पहिल्यांदाच त्याला हात हलवून उत्तर दिलं.

लोखंडी दार बंद होतं. त्यांनी आपल्या किल्लीने उघडलं. आत कोंदट वास होता. टेबलावरचं कॅलेंडर पाच तारखेवर थांबलेलं. बुन्योदची खुर्ची टेबलात नीट सरकवलेली. टपाल दाराच्या फटीतून आत सारलं होतं, ते जमिनीवर पसरलेलं होतं, आणि दार उघडताना सगळं भिंतीपाशी लोटलं गेलं.

भिंतीवर सहा रोट्या होत्या.

सहावीची जवळजवळ अर्धी चावून खाल्लेली होती. हा घास परतीच्या विचाराने तोडलेला नव्हता. भूक लागलेल्या माणसाचा होता तो.

पाठीमागे पावलं वाजली. तोलिब अका दारात आले, ओपांना पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि डोळ्यांत पाणी आणलं. या वेळी खरं होतं.

"ओपा! कशा आहात? बाळ कसं आहे?"

"बुन्योद कुठाय?"

तोलिब अका रोटीकडे बघत म्हणाले, "ओपा, चाळीस दिवस व्हायचेत अजून."

"अका, मी आले आहे. माझ्या पायांनी आले आहे. शपथ सुटली. बोला."

"सुटली ना नक्की?" तोलिब अकांनी सुस्कारा टाकला आणि मग त्यांच्या तोंडून सगळं धडाधड बाहेर पडलं. "पाच तारखेलाच गेला हो! तीन दिवस ताश्कंदला जाऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, रोटी चाव. त्याने अशी चावली की मला तेव्हाच शंका आली. फरशांच्या कंपनीत लागला म्हणे. शनिवार-रविवार सुट्टी. मी त्याला अडवणारा कोण?"

"आणि मला कळवलं नाहीत? पंधरा दिवस?"

"कळवणार कसं? सगळ्यांसमोर रोटीवर हात ठेवलेत मी. सनोबर खाला म्हणाली, मी करते फोन. मी म्हटलं, खबरदार, ती पळवाट झाली. नवव्या दिवशी तुमचा फोन आला ओपा, माझ्या जिभेवर आलं होतं. दात आवळून धरले. रात्री बायकोला म्हटलं, आज मी माणुसकी सांभाळली."

ओपा खुर्चीवर बसल्या. आपल्याच. "काम?"

"तसंच आहे," तोलिब अका अभिमानाने म्हणाले. "कशाला हात लावू दिला नाही कुणाला. तुम्ही ठेवलं होतं तसंच्या तसं. दहा तारखेचा पगारसुद्धा."

सनोबर खाला चहा घेऊन आली. तिने ओपांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, स्टूल घेतलं आणि पाचवी रोटी उतरवली. "परत येणाऱ्या तुम्हीच पहिल्या," ती म्हणाली. "आता संपवा. तशी रीत आहे." मग दारापाशी जाऊन तिने बाहेर हाळी दिली, "आल्या गं आल्या! रोटीने आणलं!" आणि अंगणातून साचेकऱ्यांनी कढयांवर हातोड्या वाजवल्या. एखाददुसरी भद्द वाजली.

रोटी दगडासारखी झाली होती. ओपांनी तिचे टेबलाच्या कडेवर आपटून तुकडे केले आणि एकेक चहात बुडवून खाऊ लागल्या. खाता खाता दुसऱ्या हाताने जमिनीवरचं टपाल उचलून तारखेप्रमाणे लावत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. आयदिनने मुद्दाम लावला होता तो सोडला तर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. आयदिन होती.

"पोचलीस? काय म्हणतायत? आज संध्याकाळची गाडी धरतेयस ना?"

"धरते," ओपा म्हणाल्या. त्यांनी कॅलेंडरची पानं वीस तारखेपर्यंत उलटली. "फक्त तेवढं आजचं विवरण जाऊ दे."

तिकडून फक्त बाळाचा आवाज आला.

बाळाचे चाळीस दिवस दहा मेला पूर्ण झाले, तेव्हा पाळण्यावरची रोटी अजून खिळ्यालाच होती. कारखान्यात दर महिन्याच्या दहा तारखेला पगार असतो.